‘प्रवती’: आठवीतल्या एका मुलाच्या वाचनाचं प्रकरण

आठवीच्या पहिल्या चाचणीत निबंध होता ‘माझा परिसर’. मुलगा पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्यालाच जन्मलेला, तिथेच वाढलेला. त्याने लिहिलं: ‘मी प्रवतीच्या पायथाला राहतो. प्रवतीला खुप पायया आहे. आमी रोज सकाळी चडतो.’ बाईंनी लाल पेनाने गोल केले, कडेला ‘स्वतःचा पत्ता तरी नीट लिही!’ असा शेरा मारला आणि दहापैकी तीन गुण दिले. हाच मुलगा पर्वतीबद्दल तोंडी दहा मिनिटं न थांबता बोलतो. त्या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हे प्रकरण डिस्लेक्सियाचं आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडण्याचं, पण एका विशिष्ट मुलाचं नाही. पुण्यात मराठी माध्यमात, सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांमध्ये वारंवार जे दिसतं ते एका मुलाच्या रूपात एकत्र मांडलं आहे. त्याचे गुण आणि मोजमापंही नमुन्याची आहेत. नियम आणि पद्धती मात्र खऱ्या.

आधीची सात वर्षं

चौथीपर्यंत तक्रार नव्हती. मुलगा चुणचुणीत, वर्गात हात वर करणारा. आई रोज संध्याकाळी प्रश्नोत्तरं मोठ्याने वाचायची, तो दोनदा ऐकून पाठ म्हणायचा. परीक्षेत तीच उत्तरं यायची. पाचवीला सेमी-इंग्रजी घेतलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. गुण तिथेच घसरायला लागले, त्यामुळे घरच्यांचा निष्कर्ष झाला की इंग्रजी कच्चं आहे. मग इंग्रजीचा क्लास, मग चष्म्याची तपासणी, मग मोबाईल काढून घेणं, याच क्रमाने. त्यात अडीच वर्षं गेली. या प्रकरणातली सगळ्यांत महागात पडलेली चूक हीच, कारण बाकीच्या चुका काही आठवड्यांत दुरुस्त करता आल्या.

आठवीत भाषेच्या कृतिपत्रिकेने खेळ उघडा पाडला. अपठित उतारा पाठ करता येत नाही. समोर आलेला मजकूर तिथल्या तिथे वाचून, समजून, आकृती आणि चौकटी भरायच्या असतात. मुलाने उतारा अर्धाच वाचला आणि चौकटींत उताऱ्यातले शब्द अंदाजाने उतरवले. आईचं म्हणणं होतं, ‘मॅडम, घरी सगळं तोंडपाठ असतं हो त्याचं, पेपरात कुठे जातं कळत नाही.’ पाठांतर उत्तम आणि वाचन तोकडं, ही जोडी दिसली की डिस्लेक्सियाची शक्यता तपासायलाच हवी.

देवनागरीत डिस्लेक्सिया लपतो कसा

इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचं नातं इतकं बेभरवशाचं आहे की डिस्लेक्सिया दुसरी-तिसरीतच चटका देतो. देवनागरीत अक्षर दिसतं तसं बहुतेक वेळा वाचता येतं. त्यामुळे मराठी मूल चुकतं कमी आणि अडतं जास्त. शिक्षकाच्या कानाला ‘हळू पण बरोबर’ ऐकू येतं आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मराठीत चुकांपेक्षा वेग मोजायला हवा. बी आणि डी उलट लिहिणं हेच लक्षण, ही समजूत इंग्रजी पुस्तकांतून आली आहे. तेवढ्यावर विसंबलं तर मराठी मुलं सुटून जातात.

लिहिताना मात्र देवनागरीही दया करत नाही. ‘पर्वती’ हा शब्द कानाला पर्-व-ती असा येतो: आधी र, मग व. कागदावर व आधी काढायचा आणि र त्याच्या डोक्यावर नंतर ठेवायचा. पहिल्या वेलांटीचंही तेच. ‘कि’ म्हणताना क आधी, पण वेलांटी उभी राहते क च्या डावीकडे. ध्वनींचा क्रम आणि चिन्हांचा क्रम असा फिरतो तिथे हा मुलगा दरवेळी पडत होता. वहीतल्या ४० चुका वर्गवार लावल्यावर चित्र स्वच्छ झालं: १७ चुका र च्या तीन रूपांच्या (र्व, प्र, ऱ्य), ९ महाप्राण, म्हणजे अक्षरात मिसळलेला ह, गाळल्याच्या (आम्ही–आमी, चढतो–चडतो), ६ ऱ्हस्व-दीर्घाच्या, ३ घ–ध आणि भ–म यांच्या गोंधळाच्या, बाकी किरकोळ. ऱ्हस्व-दीर्घ तर निम्मा महाराष्ट्र चुकतो, त्यावरून काही ठरत नाही. र च्या चुका आठवीत एवढ्या असणं मात्र बोलकं आहे.

मोजणी

पहिली मोजणी शाळेतच झाली आणि तिला काही खर्च आला नाही. सातवीच्या मराठीच्या पुस्तकातला न शिकवलेला उतारा, मोबाईलवरचं स्टॉपवॉच, एक मिनिट. मुलाने ४१ शब्द वाचले, ५ चुकवले. तोच उतारा वर्गातल्या पाच साध्या, ना हुशार ना ढ अशा मुलांना दिला. ती ८८ ते ११२ च्या दरम्यान होती. वर्गातल्याच मुलांशी तुलना करणं यासाठी महत्त्वाचं की मराठी वाचनवेगाचे इंटरनेटवर फिरणारे तक्ते बहुतेक इंग्रजीवरून उचललेले असतात. शब्दाची लांबी, जोडाक्षरं, विभक्ती सगळं वेगळं असल्यामुळे ते इथे लागू पडत नाहीत.

नंतर अर्थ नसलेले वीस शब्द दिले: मर्टी, ग्रुसप, थिळकू अशा धर्तीचे. ओळखीचा शब्द मूल आकारावरून ताडतं. ‘थिळकू’ ताडता येत नाही, तो अक्षर फोडूनच वाचावा लागतो. त्याला नऊ आले. ‘कमळ’मधला क काढ म्हटल्यावर ‘मळ’ लगेच आलं, पण ‘टोपी’मधल्या ओ च्या जागी आ घाल म्हटल्यावर तो थांबला. अक्षर ऐकू येतं, अक्षराच्या आतला ध्वनी सुटा होत नाही, ही डिस्लेक्सियातली नेहमीची खूण. पाच चित्रं दहा वेळा उलटसुलट छापलेल्या पानावरची नावं पटापट सांगायलाही त्याला बराच वेळ लागला.

पुढची तपासणी मानसशास्त्रज्ञाकडे. आधी डोळे आणि कान तपासून घेतले, कारण ते अहवाल नसतील तर पुढे कुणीही परत पाठवतं. बुद्धिमापनासाठी पुण्यात मराठी मुलांना कामत-बिने किंवा मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी देतात. या मुलाची बुद्धी सरासरीच्या वरच्या अंगाला होती. वाचन-लेखनासाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी सर्वत्र चालते. पण मराठी माध्यमाच्या मुलाला फक्त इंग्रजी उतारे देऊन ‘डिस्लेक्सिया’ लिहिलेला अहवाल अर्धवट असतो. त्यातून एवढंच कळतं की मुलाला इंग्रजी येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. तिच्यातली शिक्षकांसाठीची चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी, पहिली ते पाचवीच्या मुलांची. या मुलाला ती तिसरीत मिळाली असती तर पाच वर्षं वाचली असती.

डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचा चष्मा यांची जाहिरात याच काळात घरी पोचली. डिस्लेक्सिया डोळ्यांत नसतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून या उपायांना पुरावा नसल्याचं सांगितलं आहे. ते पैसे वाचले.

प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जी २१ दिव्यांगत्वं मोजली आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि डिस्लेक्सिया तिच्यातच येतो. पालक बोलताना सरळ ‘एलडी’ म्हणतात. खासगी अहवाल उपचारात्मक शिकवणीला पुरतो. दहावीच्या सवलतींसाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि पुण्यात त्यासाठी ससूनचा रस्ता धरावा लागतो. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी असा क्रम होता. मुलगा तेव्हा तेरा वर्षं चार महिन्यांचा होता. म्हणून शिकवणी लगेच सुरू केली आणि सरकारी प्रमाणपत्रासाठी चौदा पूर्ण होण्याची, म्हणजे नववीच्या पहिल्या सत्राची वाट पाहिली. दहावीत गेल्यावर धावपळ करणारे पालक इथेच अडकतात: फेऱ्या एका दिवसात होत नाहीत आणि परीक्षेचे अर्ज तर दिवाळीच्या आसपास भरायचे असतात.

फाइलमध्ये काय असावं हे नीट सांगायला हवं. आधार, कान-डोळ्यांचे अहवाल, तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि मुलाच्या मूळ वह्या. झेरॉक्स नको आणि घरी बसून सुवाच्य उतरवलेली वही तर मुळीच नको. शिवाय शाळेचं पत्र. पहिलं पत्र आलं ते ‘विद्यार्थी अभ्यासात मागे आहे, लक्ष देत नाही’ असं. हे पत्र कामाचं नाही, उलट नुकसानीचं. वाचणाऱ्याला आळस दिसतो. बाईंना विनंती करून दुसरं घेतलं: ‘फळ्यावरचा १२ ओळींचा मजकूर उतरवायला वर्गाला ९ मिनिटे लागतात, याला २३, तोंडी परीक्षेत २० पैकी १७, त्याच धड्याच्या लेखीत २० पैकी ६.’ त्या पत्राने अर्धं काम केलं. आणि हो, बाई वाईट नव्हत्या. काय लिहायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रफाराची दोन महिन्यांची शिकवणी

उपचारात्मक शिकवणी आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं. बाकी दिवशी घरी १५ मिनिटं. सुरुवात बाराखडीपासून केली नाही. तेरा वर्षांच्या मुलाला बाराखडी गिरवायला बसवलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. सुरुवात र पासून, आणि शब्द पुण्यातले.

नियम एकच, पण तोंडाने म्हणत शिकायचा. र अर्धा असेल तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर: पर्वती, कर्वेनगर, फर्ग्युसन. र पूर्ण आणि आधीचं अक्षर अर्धं असेल तर र त्याच्या पायाशी: प्रभात रस्ता, कात्रज. मूल शब्द म्हणताना टेबलावर टिचकी मारतं: पर् (टिचकी) व (टिचकी) ती. मग र व च्या आधी ऐकू आला का नंतर, हे विचारायचं. आधी ऐकू आला तर तो अर्धा, म्हणून वर. मग शब्द कागदावर लिहायचा तो पूर्ण म्हणून झाल्यावरच, आणि रफार सगळ्यांत शेवटी, लाल रंगाने. पहिल्या आठवड्यात तो रफार प च्या डोक्यावरच द्यायचा, ‘र्पवती’. ही प्रगतीच होती, कारण र पायातून निघून डोक्यावर आला होता. घर तेवढं चुकत होतं. दहाव्या दिवशी ते जुळलं.

तिसरं रूप पायऱ्यांमधलं. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक त्याला एकदम कळला, कारण लग्नातल्या पंगतीचं उदाहरण होतं: आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना मीठ कमी पडलं म्हणून सांगायचं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे सह्याद्रीतल्या. र च्या आधीच्या अक्षरावर जोर पडत असेल तर रफार, तो पडत नसेल तर आडवा र. हे कानाचं काम आहे आणि ते डोळ्यांनी शिकवलं की बसत नाही. शेवटच्या आठवड्यासाठी ‘चतुःशृंगी’ राखून ठेवला होता: विसर्ग, शृ, अनुस्वार, दुसरी वेलांटी, सगळा दारूगोळा एका शब्दात. तो त्याने आधी तोडून म्हटला, मग लिहिला, मग भिंतीवर चिकटवला.

वेगासाठी पुनर्वाचन: १०० शब्दांचा एकच परिच्छेद सलग तीनदा, प्रत्येक वेळचे सेकंद वहीत. तिसऱ्या खेपेला आकडा खाली येतोच, आणि मुलाला तो दिसतो.

घरी एक गोष्ट बिघडली. घरचं वाचन आजीकडे होतं. आजी जुन्या सातवी पास, वाचन खडखडीत. मुलगा अडला की त्या पुढच्या सेकंदाला शब्द सांगायच्या, वर ‘अरे बाळा, एवढं येत नाही?’ तीन आठवड्यांत मुलगा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर थांबून आजीकडे पाहायला लागला. उरलेला शब्द वाचायची गरजच राहिली नाही. बदल केला तो असा: आजीने मनात पाचपर्यंत मोजायचं, मग शब्द सांगायचा, शेरा काही नाही, आणि मुलाने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. आजींना मोजणं जमलं, शेरा थांबवायला जड गेलं.

आकडे

मराठी संख्यावाचन या मुलांना वेगळं छळतं, आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. ‘एकोणसाठ’ ऐकून तो ६९ लिहायचा, कारण कानात ‘साठ’ पडलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषेच्या अंगाने वाद घालायला जागा आहे, पण या मुलासाठी ती पद्धत कामाची ठरली: ऐकलेला आकडा आधी ‘पन्नास नऊ’ असा मनात फिरवायचा, मग लिहायचा. तोंडी उदाहरण सोडवताना आकडे कागदावर आधी टिपायचे, हा नियम सगळ्या विषयांना लावला. गणित त्याला येतं. प्रश्नातली संख्या उतरवतानाच उत्तर चुकलेलं असतं.

सेमी सोडायचं का

शाळेत सेमीचीच तुकडी होती, त्यामुळे आठवीत माध्यम बदलायचं तर शाळा बदलावी लागली असती. ते केलं नाही. विज्ञानाचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक बालभारतीचं असल्याने धडा, आकृती आणि प्रश्न यांचा क्रम तोच असतो. आधी मराठी धडा ऐकायचा, आकृती बोटाने दाखवत सांगायची, मग इंग्रजी धड्यातले दहाच पारिभाषिक शब्द काढून कार्डांवर. ‘अपवर्तन’ कळल्याशिवाय ‘रिफ्रॅक्शन’चं स्पेलिंग घोकायचं नाही.

ऐकण्यासाठी फोनमधलं मराठी वाचन पुरेसं आहे, वेगळं यंत्र लागत नाही. अडचण एवढीच की काही मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात आणि फोन त्या वाचताना अगम्य काहीतरी बरळतो. तेव्हा छापील पानाचा फोटो गूगल लेन्समध्ये घेऊन ‘ऐका’ दाबायचं. फोटो सरळ आणि पानाला बाक नसेल तर रफारही बहुतेक ओळखले जातात. नोट्स बोलून टाइप करायलाही त्याने शिकून घेतलं, विरामचिन्हं नंतर हाताने.

संस्कृत घेतलं तर पैकीच्या पैकी गुण पडतात, असा सल्ला पुण्यात कुणीही देतं. संधी, समास आणि ओळीला चार जोडाक्षरं. या मुलाला तो सल्ला नको होता.

सवलती: घ्यायच्या कोणत्या

राज्य मंडळाच्या दहावीत जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, लेखनिक, कॅल्क्युलेटर, आणि गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित व कार्यानुभव अशा सवलती अध्ययन अक्षमतेसाठी आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. मिळतात तेवढ्या सगळ्या घ्याव्यात, असा पालकांचा कल असतो. गणिताच्या बाबतीत तो धोक्याचा. मुलाचे हात चालतात. मिक्सर, पंखा, सायकलचा डायनॅमो तो उघडून पुन्हा जोडतो, आणि घरी पॉलिटेक्निकचा विचार आहे. सातवीचं अंकगणित घेतलं की तो रस्ता अरुंद होतो. म्हणून गणित ठेवलं, कॅल्क्युलेटर मागितला.

जादा वेळ तासाला २० मिनिटं. तीन तासांचा पेपर चार तासांचा, दोन तासांचा दोन तास चाळीस मिनिटांचा. नववीच्या पहिल्या सराव पेपरात मुलाने हा वेळ वापरलाच नाही. नेहमीच्या वेळेत येईल तेवढं लिहून तो खिडकीबाहेर बघत बसला. प्रश्न सोडून देण्याची सवय त्याला आठ वर्षांची होती. त्यामुळे वेळ तुकड्यांत बांधला: पहिली २० मिनिटं फक्त प्रश्न वाचून क्रियापदाखाली रेघ (‘कारणे लिहा’, ‘फरक सांगा’), मधे दोन तासांनंतर पाणी आणि बोटं मोकळी करायला तीन मिनिटं, शेवटची २० मिनिटं फक्त उतरवलेले आकडे आणि र च्या जागा तपासायला.

लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. पहिल्या सरावात मुलगा इतिहासाचं उत्तर बोलायला लागला ते गप्पा मारल्यासारखं. लिहिणाऱ्या मुलीने पाच ओळींत तीनच मुद्दे पकडले. सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे. आता तो आधी डाव्या बाजूला तीन शब्द स्वतः खरडतो, मग एकेक वाक्य सांगतो, ‘पूर्णविराम’ म्हणतो, आणि लिहिणारीने मान वर केल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. भूमितीच्या रचना तो स्वतः काढतो.

नववीच्या अखेरीस त्याच सातवीच्या दर्जाच्या नव्या उताऱ्यावर तो मिनिटाला ७३ शब्द वाचतो, चुका दोन. र च्या चुका एका पानात एखादी. इंग्रजी अजून काठावर आहे, आणि दमला की ‘आमी’ परत येतो. पीएमपीच्या बसवरची सरकती पाटी त्याला अजून वाचता येत नाही. तो क्रमांक पाहतो, नाहीतर कंडक्टरला विचारतो. इंग्रजी आणि इतिहास लेखनिकाकडून लिहवायचे की स्वतः, हे अजून ठरलेलं नाही. जूनमध्ये प्रत्येक विषयाचा एकच जुना पेपर तीन आठवड्यांच्या अंतराने दोन्ही पद्धतींनी सोडवून घ्यायचा, एकाच बाईंकडून तपासून घ्यायचा, आणि जिकडे गुण जास्त तो पर्याय प्रस्तावात लिहायचा आहे.